शेवंतीचं पाणी

"शीळ घातल्याबिगर ती पाण्याला तोंड लावंल, पर प्यायची न्हाई. ध्यानात हाय न्हवं, ताई?"

त्या पहाटे दस्तगीरचाचा मला हे तिसऱ्यांदा सांगत होते. अजून नीट उजाडलं नव्हतं. माळावर बावीस घोडी उभी होती आणि बावीस घोड्यांची फुरफुर चालली होती. मी खोगिरावर बसून रिकिबीचा पट्टा सारखा करत होते, म्हणजे खरं तर नुसतीच हात चाळवत होते, कारण पट्टा चाचांनी आधीच दोनदा तपासला होता.

"हो चाचा, आहे लक्षात. लहानपणापासून ऐकतेय."

"ऐकनं येगळं आन् करनं येगळं. घालून दावा बरं एकदा."

"आत्ता? सगळ्यांच्या समोर?"

"मंग पान्याच्या हाळावर काय एकलीच असनार हायसा?"

मी ओठांचा चंबू केला आणि अगदी हळू, दोन सुरांची, खाली उतरत जाणारी शीळ घातली. शेवंतीनं लगेच कान मागे वळवले आणि मान खाली घातली. समोर पाणी नव्हतं तरी घातली. चाचा हसले.

"ब्येस. फकस्त जरा दमानं. पिनाऱ्याला घाई न्हाई लावायची."

जुन्या मोतद्दारांची, म्हणजे चाचांसारख्या घोडी राखणाऱ्यांची, ही रीत. घोडं पाणी पीत असेल तेव्हा मोतद्दार त्याच्याजवळ उभा राहून शीळ घालतो. मी सात-आठ वर्षांची असताना चाचांना विचारलं होतं की शिळेनं काय होतं. ते म्हणाले होते, "पानी पिताना जनावराची मान खाली असती. मागून कोन येतंय त्येला दिसत न्हाई. शीळ म्हंजी आपन त्येला सांगायचं, मी हाय, तू पी." शेवंतीला त्यांनी शिंगरू असल्यापासून असंच वाढवलं होतं. मीही सुट्टीत मामाकडे गेले की तिच्या पाण्याजवळ उभी राहायचे आणि ओठ दुखेपर्यंत शीळ घालायचे. मामी आतून ओरडायची, "पोरीच्या जातीनं शिळा कसल्या घालतेस गं? साप येतात घरात!" साप कधी आला नाही. शेवंती मात्र माझ्या शिळेवर बादली रिकामी करायची.

ती होती भीमथडी जातीची. अंगानं बुटकी, छातीनं रुंद, रंगानं जुन्या गुळासारखी. दिसायला काही फार देखणी नव्हती. पण दिवसभर चालवा, तक्रार नाही. मामाच्या पागेत सहा जनावरं होती, आणि त्यातली हीच मला हवी होती. मी तेवीस वर्षांची होते, नुकती नोकरीला लागले होते आणि मामाच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी मामा म्हणाला, "लांब पल्ल्याची रपेट आहे म्हणतात माळावर. नवशिक्यांचा चाळीस किलोमीटरचा गट आहे. पार करून दाखव. केलीस तर शेवंती तुझी."

नीट ऐका, 'पार करून दाखव' म्हणाला. 'पहिली ये' असं कोणी म्हणालं नव्हतं.

आणि ती शर्यत नव्हतीच. मांडवाच्या दाराशी भला मोठा फलक लावला होता: 'नवोदित गट. ही शर्यत नाही. घोडा ठणठणीत आणणारा प्रत्येक स्वार विजयी.' वीस-वीस किलोमीटरच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर डॉक्टर घोडा तपासणार, ठरावीक वेळात नाडी चौसष्टच्या आत उतरली तरच पुढे सोडणार. शेवटी पुन्हा तेच. ज्याचा घोडा धडधाकट, त्याला पदक, मग तो पहिला येवो नाहीतर शेवटचा. इतकं सरळ, साधं होतं सगळं. पण चार घोडी एका वाटेला लावली की फलक कोण वाचतो? त्यात संयोजकांनी खडूनं फळ्यावर वेळा लिहायची सोय केली होती, आल्या क्रमानं. हवशे-नवशे पहाटेपासून त्या फळ्यापुढेच खुर्च्या टाकून बसले होते.

"काय रेवे, तट्टू घेऊन आलीस?"

हा धैर्यशील, मामाचा थोरला. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा आणि त्या सहा महिन्यांचा तोरा आयुष्यभर मिरवणारा. त्याच्या मांडीखाली मारवाडी घोडा होता, सरताज. काळाभोर, उंच, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली.

"तट्टू चाळीस करील. तुझा नवरदेव करतो का बघ," मी म्हणाले.

"अगं, वरातीला बरी आहे ती. शेवटी ये, आम्ही बँड लावून ठेवतो."

सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच. चाचांनी लगाम धरून शेवंतीला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाले, "त्येंच्या नादाला लागू नका, ताई. आपली घोडी आपल्या चालीनं. चौदा किलोमीटरवर हाळ हाय, तितं पोटभर पाजा. आज ऊन तापनार हाय."

होळी होऊन आठवडा झाला होता. सहाला निशाण पडलं तेव्हा हवेत गारवा होता, पण त्यात दम नव्हता.

पहिले दहा किलोमीटर मी शहाण्यासारखी होते. शेवंती दुडकी धरून चालली होती, टापांचा एकसारखा ठेका, कुसळांवरचं दव तिच्या गुडघ्यांना लागत होतं. पवनचक्क्या मागे पडल्या. इतकं सुख मला त्यानंतर फार वेळा मिळालेलं नाही. सरताज पुढे होता, कधी दिसायचा, कधी वळणाआड जायचा. मग एका चढावर तो अगदी जवळ आला. धैर्यशीलनं मागे वळून पाहिलं, टोपी काढून मला मुजरा केला आणि टाच मारली. मीही मारली.

हाळावर पोचले तेव्हा शेवंती घामानं निथळत होती. हाळ म्हणजे गुरांना पाणी पाजायचं जुनं दगडी टाकं, देवीच्या देवळापुढचं. पारावर गावातली दहा-बारा माणसं रपेट बघायला बसली होती. सरताज पाणी पिऊन नुकताच बाजूला होत होता. "सावकाश ये गं," धैर्यशील जाता जाता म्हणाला, "वरातीला उशीर होत नसतो." आणि गेला.

मी शेवंतीला पुढे घेतलं. तिनं मान खाली घातली. ओठ पाण्याला लावले. पाण्यावर एक वलय उठलं आणि विरलं. ती थांबली. तिचे दोन्ही कान माझ्याकडे वळलेले होते.

मी ओठांचा चंबू केला. पारावर कोणीतरी हसलं. मला हसले की त्यांचं आपसात काही चाललं होतं, देव जाणे. पण दहा-बारा पुरुष माझ्याकडे बघत होते आणि मी, शर्टाच्या बाह्या दुमडलेली, घामानं भिजलेली बाई, तिथं शीळ घालणार होते. मामीचा आवाज कानात आला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? लाज वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे टेकाडावरून सरताजचा धुरळा पलीकडे उतरताना दिसला. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"पी ना शेवंते," मी म्हणाले. "पी गं बाई, पी."

तिला शब्द कळत नव्हते. ती ओठ पाण्यात ठेवून उभी होती. मी पुन्हा घड्याळात पाहिलं आणि लगाम वर ओढला. तिनं तोंड काढलं, वरचा ओठ एकदा हलवला आणि मी टाच लावायच्या आतच दुडकायला लागली. असली गुणाची जनावरं फार वाईट. ती भांडत नाहीत.

तपासणीच्या मांडवात आम्ही सरताजच्या मागोमाग शिरलो. चाचा धावत आले. खोगीर उतरवलं, ओल्या फडक्यानं मान पुसली, पाय पुसले. नाडी सावकाश उतरली. शेवटी दिलेला वेळ संपता संपता बासष्टवर आली.

डॉक्टर सरनाईक म्हणून पुण्याच्या बाई होत्या. शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शेवंतीच्या हिरड्या दाबून पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, मग कुशीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. चाचांनी तोवर बादली आणली होती. त्यांनी शीळ घातली, तीच, दोन सुरांची. शेवंतीनं बादलीत तोंड घातलं, दोन घोट घेतले आणि मान फिरवली.

"का पीत नाहीये?" बाईंनी विचारलं. "आतड्याचा आवाज मला कमी वाटतोय. नाडी बसतेय, पण काठावर. वाटेत प्यायली का ही?"

फळ्यावर त्याच वेळी कोणीतरी धैर्यशीलचं नाव लिहीत होतं. खडूचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"हो," मी म्हणाले. "हाळावर प्यायली ना. पोटभर."

एवढंच. एक शब्द पुरला असता, मी पाच बोलले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग चाचांकडे वळल्या. "तुम्ही तिला रोज बघता. तुम्हाला कशी वाटते?"

चाचांनी शेवंतीच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत बोट घातलं, बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे नेहमीसारखेच होते, थोडे मिचमिचे. मग म्हणाले, "पानी पिऊन आली की ती पुन्ना लगीच पीत न्हाई, म्याडम. सवय हाय तिची. निघंल."

बाईंनी कागदावर सही केली. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, चाचांनी विश्वास ठेवला माझ्यावर.

दुसरी फेरी डोंगराच्या पलीकडून होती. आठ वाजून गेले होते आणि ऊन चांगलंच चढलं होतं. मध्यावर एका ओढ्यात पाण्याची सोय होती. तिथं माणूस काणूस कोणी नव्हतं, नुसती करंजाची झाडं. मी खाली उतरले, शेवंतीला पाण्यात उभं केलं आणि शीळ घातली. मोकळेपणानं घातली, पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं. तिनं मान खाली केली, पाण्याचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. परत घातली. तिनं कानसुद्धा हलवला नाही.

तिथून मी पायी निघायला हवं होतं. लगाम धरून, सावलीसावलीनं, बारा वाजेपर्यंत कधीही पोचले असते. वेळ भरपूर होता. पदक मिळालं नसतं तरी घोडी मिळाली असती, मामा काही एवढा हिशेबी नव्हता. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं, नंतर नाही. पण दोन वळणं पुढे सरताज चालताना दिसला, मान टाकून. तो दमला होता. मी वर बसले.

पस्तिसाव्या किलोमीटरला मी त्याला गाठलं. धैर्यशील ओरडला, "रेवे, तिचा श्वास बघ गं!" मला वाटलं, डिवचतोय. बँड लाव म्हणावं, असं काहीतरी ओरडून मी पुढे गेले.

त्या गटात मीच पहिली आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर सर्वांत वर माझं नाव लागलं, त्याखाली कंसात शेवंतीचं. जेमतेम अर्धा तास होतं. नाडी ऐंशीवर होती ती खाली येईना. चाचा आणि मी बादल्यांवर बादल्या तिच्या अंगावर ओतत होतो, आणि बाई नळी लावून घड्याळ बघत होत्या. अर्ध्या तासानं त्यांनी मान हलवली. फळा लिहिणाऱ्या पोरानं माझं नाव फडक्यानं पुसलं.

पण तोवर मला फळ्याचं भान उरलं नव्हतं. शेवंती मान वळवून आपल्याच कुशीकडे बघत होती. मग पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मग गुडघे मोडून बसली, आणि आडवी झाली.

"आतडं थांबलंय," बाई म्हणाल्या. "अंगातलं पाणी संपलंय हिच्या. धरा, सलाइन धरा वर."

बाभळीच्या सावलीत ओढून-ताणून तिला आणलं. फांदीला बाटल्या टांगल्या. बाईंनी सुया टोचल्या, नाकातून नळी घातली, शर्टाच्या बाहीनं स्वतःचं तोंड पुसत राहिल्या. दुपारी बारा, एक, दोन. धैर्यशील तिच्या डोळ्यांवर टोपीची सावली धरून उकिडवा बसला होता. चाचांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांनी बादली तिच्या तोंडाशी तिरकी केली होती आणि ते शीळ घालत होते. दोन सूर, खाली उतरणारे. थांबायचे, ओठ ओले करायचे, पुन्हा घालायचे. त्यांचे ओठ सुकून फुटले तरी ते थांबले नाहीत. कधीतरी तिचा कान हलायचा. पाणी तिच्या ओठांवरून ओघळून मातीत जात होतं.

पावणेतीनला ती गेली. चाचा त्यानंतरही थोडा वेळ शीळ घालत राहिले. मग बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मामा निरोप मिळून फलटणहून आला तेव्हा तिच्यावर पोतं घातलेलं होतं. त्यानं पोतं उचलून पाहिलं आणि परत टाकलं. "काय झालं, दस्तगीर?"

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण चाचा आधी बोलले.

"मालक, काल सांच्याला चंदी जादा पडली माज्या हातनं. हरबरा भिजला नव्हता न्हीट. त्येच बाधलं. माजी चूक."

बाईंनी चटकन वर पाहिलं आणि पुन्हा नळी गुंडाळायला लागल्या. मामा चाचांकडे वळला. "तीस वर्षं जनावरं सांभाळलीस दस्तगीर," एवढंच म्हणाला. शिवी नाही, हात उगारणं नाही. आणि मी तोंड मिटलं. चाचांना काहीतरी चुकलंय असं वाटतंय तर वाटू दे, असाही एक विचार माझ्या मनात येऊन गेला. माणूस किती खाली उतरू शकतो हे मला त्या बाभळीखाली कळलं.

पुढच्या आठवड्यापासून चाचा पागेत आले नाहीत. मामानं काढलं नव्हतं, ते आपणहून यायचे थांबले. महिन्याभरानं टपालानं माझ्या नावावर एक जाड लिफाफा आला. आत रंगीत प्रमाणपत्र होतं, 'सहभागाबद्दल अभिनंदन', स्वार अमुक, घोडी शेवंती. मी ते फाडलं नाही. कपाटात कपड्यांच्या तळाशी अजून आहे. त्यानंतर मी घोड्यावर बसलेले नाही. लोक विचारतात तेव्हा कंबरेचं दुखणं सांगते.

बारा वर्षं गेली. गेल्या माघात मामा वारला. तेराव्यानंतर आम्ही पागेची खोली आवरत होतो, तेव्हा खुंटीवर मागच्या बाजूला शेवंतीच्या तोंडावर बांधायची मोरकी सापडली. सुती दोराची, चाचांनी हातानं वळलेली, त्यात एक पितळी घुंगरू. धैर्यशीलनं ती झटकली आणि माझ्या हातात दिली. "नेऊन दे त्यांना," म्हणाला. "मुलीकडे असतात, म्हसवडच्या अलीकडे."

चाचा ओसरीत बसून दोर वळत होते. पार वाळले होते, पण मिचमिचे डोळे तसेच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "या ताई. जयसिंगमालकांचं कळलं. माती गाठायची हुती, पर गुडघं चालंनात." मुलीनं चहा आणला. मी मोरकी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, गाठीवरून अंगठा फिरवला आणि मांडीवर ठेवून पुन्हा दोराला हात घातला.

चहा निवला. मी बारा वर्षं पाठ केलेलं सगळं विसरले आणि सरळच बोलले.

"चाचा, त्या दिवशी ती हाळावर प्यायली नव्हती. मी शीळ घातली नाही. डॉक्टरांना खोटं सांगितलं."

दोराला पीळ पडत राहिला. "ठावं हाय," ते म्हणाले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तवाच. म्याडमनी इचारलं तवा. तोंडात बोट घातलं न्हवं का म्या? जीभ लाकडावानी कोरडी. प्यालेल्या जनावराची जीभ तशी नसती, ताई."

"मग तुम्ही का म्हणालात सवय आहे तिची? ती सवय नव्हतीच तिची!"

"नव्हती." त्यांनी दोर खाली ठेवला. "तुमी बोलून गेला हुता. चार लोकांत मालकाच्या भाचीला खोटं कसं पाडायचं? वाटलं, ईस किलोमीटर तर हाय, दमदार घोडी हाय, निघंल. तोंडातनं गेलं." त्यांनी अंगणाकडे पाहिलं. तिथं दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. "तुमी खोटं बोललासा ते म्होरं जायला. वय हुतं तुमचं. म्या कशापायी बोललो? बारा वरसं त्योच इचार करतुया. मला काय पायजे हुतं, सांगा की."

मी म्हटलं, "आणि हरभरा?"

"हरबरा रोजचाच हुता, भिजीवल्याला. खरं बोलावं तर तुमचं नाव यील, आन् गप ऱ्हावं तर जीव खातोय. म्हनलं, कुनी चार शिव्या तरी देतील मला. मालकांनी त्याबी दिल्या न्हाईत."

मी रडले. रडायला आले नव्हते, पण रडले. त्यांनी मला रडू दिलं. मुलगी दारातून डोकावून आत गेली. शेवटी डोळे पुसून मी उठले, पदर सारखा केला, येते म्हणाले. पायरी उतरले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"ताई, एक इचारू?"

"विचारा ना."

मोरकी त्यांच्या दोन्ही हातांत होती. "हाळावर ती किती येळ हुबी हुती?"

मी म्हणू शकले असते, आठवत नाही. बारा वर्षांनी कोणाला आठवतं? पण मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी घड्याळ बघत होते.

"दीड मिनिट," मी म्हणाले.

"आन् कान?"

"माझ्याकडे होते."

ते मान हलवत राहिले. घुंगरू बारीक वाजलं.

"दीड मिनिट," ते म्हणाले. "म्हंजी लई वाट बगितली तिनं."